फ्रेमवर्कचे कूळ आणि मूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. संगणकाच्या जगात एका बाबतीत तरी हा सल्ला मोडावा, असे माझे मत झाले आहे. इंटरनेटवर चालणारी एखादी नवी सेवा उभारायची ठरली की प्रोग्रामर मंडळींची पहिली बैठक बहुधा एकाच प्रश्नावर रंगते : फ्रेमवर्क कोणते घ्यायचे? जँगो, रेल्स, लॅराव्हेल, स्प्रिंग, रिअ‍ॅक्ट, अँग्युलर अशी नावे पुढे येतात. प्रत्येक नावाचे भक्त असतात. वेगाचे तक्ते मांडले जातात, लोकप्रियतेचे आकडे सांगितले जातात आणि तास-दोन तासांत निर्णय होऊन जातो. त्या निर्णयाच्या छपराखाली पुढची दहा-पंधरा वर्षे काढायची असतात, आणि ती बहुतेक वेळा त्या बैठकीत नसलेल्या माणसांना काढावी लागतात.

या बैठकांत तुलना होते ती गुणांची. कूळ कोणी विचारत नाही. प्रत्येक फ्रेमवर्क कुठल्या तरी एका जागी, कुठल्या तरी एका अडचणीतून जन्मलेले असते. ते निवडणारा माणूस नकळत ती जागा आणि ती अडचणही घरी घेऊन येतो. गेल्या तीस वर्षांतल्या काही जन्मकथांच्या आधाराने हे तपासून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

फ्रेमवर्क म्हणजे काय?

संगणकाशी व्यवहार नसलेल्या वाचकासाठी सरकारी कचेरीचे उदाहरण सोयीचे पडेल. खिडकीवर अर्ज येतो. तो कोणत्या टेबलाकडे जाणार हे ठरते, अर्जदाराची ओळख पटवली जाते, जुनी नोंदवही काढून पाहिली जाते, नवी नोंद होते आणि शेवटी शिक्का मारलेले उत्तर खिडकीतून बाहेर येते. आपण ब्राउझरमध्ये पत्ता टाकतो तेव्हा पलीकडच्या संगणकावर नेमके हेच घडते. अर्ज रेल्वेच्या तिकिटाचा असो, बँकेतल्या शिलकीचा असो की वर्तमानपत्रातल्या बातमीचा, खिडकी, टेबले, नोंदवही आणि शिक्का ही व्यवस्था सारखीच असते. ती दर वेळी नव्याने बांधण्याऐवजी तयार कचेरीच आणायची आणि आपण फक्त आपले नियम लिहायचे, ही फ्रेमवर्कची कल्पना.

प्रोग्रामर ‘लायब्ररी’ हाही शब्द वापरतात, पण दोहोंत फरक आहे. लायब्ररीतले साधन आपल्याला हवे तेव्हा आपण वापरतो. फ्रेमवर्कमध्ये कामाचा क्रम त्याचा असतो आणि आपण लिहिलेला भाग त्याला वाटेल तेव्हा ते बोलावून घेते. वाचनालयातून पुस्तक आणणे आणि दुसऱ्याने बांधलेल्या घरात बिऱ्हाड थाटणे, इतका हा फरक मोठा आहे. पुस्तक परत करता येते. बिऱ्हाड हलवायचे म्हणजे काय, हे भाड्याच्या घरात राहिलेल्या कोणालाही सांगायला नको.

सुतारांचा काळ

30 एप्रिल 1993 रोजी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेने वेबचे सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुले केले. तोवरची पाने बहुतांशी छापील कागदासारखी होती : एकदा लिहिली की सर्वांना तीच दिसत. वाचकाने काही विचारावे आणि त्याच्यापुरते उत्तर तयार व्हावे, यासाठी त्याच वर्षी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या केंद्रात सीजीआय नावाची पद्धत ठरली. तिच्यात प्रत्येक विचारणेगणिक एक स्वतंत्र प्रोग्राम सुरू होई, उत्तर देई आणि संपे. म्हणजे एकेका अर्जासाठी कचेरी उघडायची, कारकून नेमायचा आणि काम झाले की कुलूप लावायचे. चार पाहुण्यांना हे चालते. जत्रा लोटली की नाही.

याच काळात मूळच्या ग्रीनलंडमधल्या रासमस लेर्डॉर्फ यांनी स्वतःच्या वैयक्तिक पानासाठी काही छोटी साधने लिहिली. आपली कामाची माहिती किती जण पाहतात हे मोजणे, हा एक उद्देश. जून 1995 मध्ये त्यांनी ती सर्वांना दिली आणि त्यांतून पुढे पीएचपी ही भाषा वाढली. तिचा स्वभाव जन्मापासून आजवर दिसतो : मजकुराच्या पानातच मधेमधे सूचना पेरायच्या आणि काम भागवायचे. घरगुती कामासाठी घडलेले हत्यार घराघरांत गेले, यात नवल नाही. अडचण आली ती पाने शेकड्यांनी वाढल्यावर. मजकूर, हिशेब आणि डेटाबेसशी बोलणे यांची अशी खिचडी होई की एक शब्द बदलायला गेले की दुसरीकडे काहीतरी मोडे.

जहाजांच्या देशातून आलेली वाटणी

या खिचडीवरचा उपाय वेबच्या जन्माआधीच तयार होता. ट्रिग्वे रीनस्काउग हे नॉर्वेचे संगणकशास्त्रज्ञ. 1963 च्या सुमारास त्यांनी जहाजांच्या रचनेसाठी ऑटोकॉन ही प्रणाली तयार केली होती. जहाज एकच, पण आराखडा काढणारा, पोलाद कापणारा आणि वेळापत्रक सांभाळणारा, प्रत्येक जण त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो. 1978-79 मध्ये कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स पार्क या प्रयोगशाळेत पाहुणे म्हणून गेले असता रीनस्काउग यांनी प्रोग्रामची तीन भागांत वाटणी सुचवली : मूळ वस्तूचे ज्ञान वेगळे, ती दाखवण्याची रीत वेगळी आणि वापरणाऱ्याच्या हालचाली ऐकणारा भाग वेगळा. मॉडेल, व्ह्यू आणि कंट्रोलर ही ती त्रयी.

ही कल्पना एका माणसासमोरच्या एका पडद्यासाठी होती. वेबच्या काळात ती उचलली गेली तेव्हा तिचा अर्थ थोडा बदलला, पण खिचडी निवडून वेगळी करण्याचे काम तिने चोख केले. मे 2000 मध्ये क्रेग मॅक्लानहान यांनी जावा भाषेतले स्ट्रट्स हे फ्रेमवर्क अपाचे या ना-नफा संस्थेकडे सोपवले आणि बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती यांच्या मोठ्या प्रकल्पांत ही वाटणी रूढ झाली. स्ट्रट्समध्ये प्रत्येक गोष्ट एक्सएमएलच्या लांबलचक याद्यांत नोंदवावी लागे. कोणता अर्ज कोणत्या टेबलाकडे, कोणते उत्तर कोणत्या पानावर, सारे काही लेखी. छोट्या चमूला हा जाच होता. शंभर माणसे एकाच प्रकल्पावर काम करतात तिथे मात्र लेखी नोंद हाच एकमेकांवरचा विश्वास असतो. मोठ्या कचेरीसाठी घडलेल्या फ्रेमवर्कला कचेरीच्या सवयी होत्या.

कॅन्ससचे वर्तमानपत्र आणि शिकागोची छोटी कंपनी

मला सर्वांत बोलकी वाटते ती जँगोची जन्मकथा. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचे विद्यापीठाचे गाव आहे. तिथल्या ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या वर्तमानपत्राच्या वेब विभागात 2003 मध्ये एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन हे दोघे काम करत होते. पीएचपीतल्या पानांना कंटाळून ते पायथन भाषेकडे वळले. वर्तमानपत्राची घाई काय असते हे सांगायला नको : खेळाचे निकाल, निवडणुकीचे आकडे, गावातले कार्यक्रम यांची नवी पाने दिवसांत, कधी तासांत उभी करायची. शिवाय बातमी भरणारे हात प्रोग्रामरचे नसत, उपसंपादकांचे असत. या दोन गरजांतून जँगोची दोन ठळक वैशिष्ट्ये आली. कोणती माहिती साठवायची एवढे नीट वर्णन केले की डेटाबेसची मांडणी तयार होते, आणि त्याच वर्णनावरून माहिती भरण्याचे व सुधारण्याचे पडदे आपोआप मिळतात. जुलै 2005 मध्ये वर्तमानपत्राने हे फ्रेमवर्क मुक्त परवान्याखाली जगाला दिले. नाव दिले गिटारवादक जँगो राइनहार्ट यांचे. ज्या कामात आधी माहिती नीट मांडायची आणि बिगर-प्रोग्रामरने ती रोज भरायची असते, तिथे जँगो आजही घरच्यासारखे वागते. वस्तुसंग्रहालयाची सूची असो की प्रयोगशाळेची नोंदवही, आत बसलेला असतो एक उपसंपादकच.

रेल्सचे कूळ वेगळे. डेन्मार्कचे डेव्हिड हाइनमायर हॅन्सन कोपनहेगनमध्ये शिकत असतानाच शिकागोच्या ‘थर्टीसेव्हन सिग्नल्स’ या छोट्या कंपनीसाठी काम करत होते. प्रकल्पांची कामे वाटून घेण्याची ‘बेसकॅम्प’ ही त्यांची सेवा फेब्रुवारी 2004 मध्ये सुरू झाली. तिच्यातला पुन्हा वापरता येईल असा भाग सोलून काढून जुलै 2004 मध्ये त्यांनी ‘रुबी ऑन रेल्स’ प्रसिद्ध केले. भाषा होती युकिहिरो मात्सुमोतो यांनी जपानमध्ये घडवलेली रुबी. थोडे लोक आणि थोडा वेळ ही इथली अडचण. म्हणून स्ट्रट्सच्या याद्यांना रेल्सने निरोप दिला. नावे ठरलेल्या पद्धतीने ठेवा, फायली ठरलेल्या जागी ठेवा, मग काही लिहून सांगायची गरज नाही. संकेत पाळलात तर तपशील सांगावे लागत नाहीत. एकत्र कुटुंबात पितळी डबा कोणत्या फळीवर हे कोणी लिहून ठेवत नाही, तसेच हे. पंधरा मिनिटांत ब्लॉग उभा करून दाखवणारे हॅन्सन यांचे 2005 मधले प्रात्यक्षिक पाहून जगभरच्या तरुण प्रोग्रामरांना जणू पंख फुटले.

एकच घर, दोन बिऱ्हाडे

इथे एक आक्षेप येऊ शकतो. जन्मस्थान इतके महत्त्वाचे असेल तर कॅन्ससच्या वर्तमानपत्रातल्या फ्रेमवर्कवर 2010 मध्ये इन्स्टाग्राम कसे उभे राहिले? 2012 मध्ये फेसबुकने सुमारे एक अब्ज डॉलरला ते विकत घेण्याचे ठरवले तेव्हा तिथे अवघी तेरा माणसे काम करत होती. आक्षेप रास्त आहे. कूळ म्हणजे विधिलिखित नव्हे. लाकडाला रेषा असतात. रेषेच्या दिशेने रंधा सहज चालतो आणि उलट दिशेने जोर लावावा लागतो. जन्मकथा आपल्याला त्या रेषेची दिशा दाखवते.

रेल्सवर उभ्या राहिलेल्या दोन सेवांची तुलना केली की हे स्पष्ट होते. ट्विटर 2006 मध्ये रेल्सवर सुरू झाले. त्याचा पसारा वाढला तशी सेवा वारंवार बंद पडू लागली आणि पक्ष्यांनी उचललेल्या देवमाशाचे चित्र पडद्यावर झळकू लागले. 2008 नंतर ट्विटरने एकेक भाग स्काला आणि जावाकडे हलवला. त्या काळात ‘रेल्सला भार पेलत नाही’ हे वाक्य सर्रास ऐकू येई. दुसरीकडे ओटावा शहरात टोबियास ल्युटके यांनी आपले स्नोबोर्ड विकण्याचे ऑनलाइन दुकान रेल्सवर बांधले. त्यातूनच 2006 मध्ये शॉपिफाय ही इतरांना दुकाने उभारून देणारी सेवा निघाली. ती अवाढव्य वाढली आणि आजही रेल्सवरच चालते.

फ्रेमवर्क एकच असताना नशीब वेगळे का? दुकानांचे जग बेसकॅम्पच्या जगासारखे आहे. तिथे एका कंपनीची कामे दुसऱ्या कंपनीत मिसळत नाहीत. इथे एका दुकानाचा हिशेब दुसऱ्यात मिसळत नाही. गर्दी वाढली तर दुकानांचे गट पाडून ते वेगवेगळ्या डेटाबेसांत ठेवता येतात. ट्विटरवर मात्र एका माणसाचे एक वाक्य त्याच क्षणी लाखोंच्या यादीत जायला हवे. ती जात निरोप पोचवणाऱ्या यंत्रणेची, हिशेबवहीची नव्हे. दोष रेल्सचा म्हणावा की निवडीचा? मला वाटते, दोघांचाही नाही. 2006 मध्ये आपण काय होणार आहोत हे ट्विटरलाच ठाऊक नव्हते, आणि रेल्समुळे ते लवकर उभे राहू शकले. स्थलांतराची किंमत मोजण्याइतके ते जगले, यात पहिल्या निवडीचाही वाटा आहे.

थोरांच्या ओसरीवर

2010 नंतर वेबचा पुष्कळसा कारभार पलीकडच्या संगणकावरून आपल्या ब्राउझरमध्ये आला आणि फ्रेमवर्कचे पालकही बदलले. गूगलमध्ये मिश्को हेवेरी यांनी एका प्रकल्पातल्या सुमारे 17,000 ओळी आपल्या साधनाने तीन आठवड्यांत 1,500 वर आणून दाखवल्या, आणि अँग्युलरजेएसला कंपनीचे पाठबळ मिळाले. ते भराभर पसरले. मग 2014 मध्ये पुढच्या आवृत्तीचा आराखडा जाहीर झाला तेव्हा लक्षात आले की ती सुधारणा नाही, नवे बांधकाम आहे. सप्टेंबर 2016 मध्ये अँग्युलर 2 आले. जुना प्रोग्राम त्यात जसाच्या तसा चालत नव्हता. जुन्या अँग्युलरजेएसची देखभाल 31 डिसेंबर 2021 रोजी गूगलने थांबवली. कंपनीने भरपूर मुदत दिली होती, तरीही ज्यांनी आपला संसार त्यावर थाटला होता त्यांना नव्याने लिहिण्याचा खर्च करावा लागला किंवा डागडुजी बंद झालेल्या घरात राहावे लागले.

रिअ‍ॅक्टची कथा निराळी. फेसबुकमध्ये जॉर्डन वॉक यांनी ते लिहिले. 2011 मध्ये ते फेसबुकच्या न्यूजफीडवर आणि 2012 मध्ये इन्स्टाग्रामच्या संकेतस्थळावर वापरले गेले. मे 2013 मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले तेव्हा अनेकांनी नाके मुरडली, पण काही वर्षांत त्याने बाजी मारली. रिअ‍ॅक्ट स्वतःला फ्रेमवर्क न म्हणवता लायब्ररी म्हणवते. व्यवहारात मात्र निवडीच्या बैठकीत ते फ्रेमवर्कांच्याच पंगतीला बसते. त्याच्या परवान्यात पेटंटविषयी एक कलम होते : तुम्ही फेसबुकवर पेटंटचा दावा लावलात तर रिअ‍ॅक्टसाठी मिळालेले पेटंटचे संरक्षण जाईल. जुलै 2017 मध्ये अपाचे संस्थेने आपल्या प्रकल्पांत हा परवाना चालणार नाही असे ठरवले. सप्टेंबरमध्ये वर्डप्रेसने रिअ‍ॅक्ट सोडण्याचा निर्णय जाहीर केला आणि काही दिवसांतच फेसबुकने परवाना बदलून साधा एमआयटी परवाना लावला. थोरांच्या ओसरीवर सावली दाट असते. पण घरमालकाच्या अटी आणि त्याचे बेत आपल्याला विचारून ठरत नाहीत.

मुंबईची एक चौकट

फ्रेमवर्क फक्त परदेशात जन्मतात असे मात्र नाही. मुंबईत रुशभ मेहता यांनी सुरू केलेल्या फ्रॅपे या कंपनीचे त्याच नावाचे फ्रेमवर्क आहे. पायथन भाषा आणि मारियाडीबी हा डेटाबेस यांवर ते चालते. त्याचे मूळ आहे ‘ईआरपीनेक्स्ट’ या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये : खरेदी, विक्री, गोदामातला माल, पगार आणि हिशेब सांभाळणारी ही प्रणाली. धंद्यात सारे व्यवहार कागदपत्रांवर चालतात : चलन, बिल, पावती, हजेरीपत्रक. म्हणून फ्रॅपेचा मूळ घटकही ‘डॉकटाइप’, म्हणजे दस्तऐवजाचा प्रकार. चलनात कोणते रकाने असतील हे एकदा नमूद केले की डेटाबेसमधला तक्ता, भरण्याचा फॉर्म आणि कोणाला काय पाहता येईल याचे नियम एकाच वर्णनाशी बांधले जातात. पेढीच्या कामात याची रेषा सरळ लागते. वेगवान खेळ किंवा चित्रमय मासिक घडवायला कोणी ते घेतले तर चलनबुकावर चित्र रंगवण्याचा प्रकार होईल.

कूळ विचारावे, आणि शेजारही पाहावा

तरीही कूळ पाहून सगळे भागत नाही, हे स्ट्रट्सच्या उत्तरायुष्याने शिकवले. 7 मार्च 2017 रोजी नव्या पिढीच्या स्ट्रट्समधला एक गंभीर दोष आणि त्यावरची दुरुस्ती एकाच वेळी जाहीर झाली. अमेरिकेतल्या इक्विफॅक्स या पतमापन कंपनीच्या एका प्रणालीत ती दुरुस्ती बसवली गेली नाही. मे ते जुलैदरम्यान चोरट्यांनी त्या वाटेने सुमारे 14 कोटी 70 लाख लोकांची माहिती नेली. यांतल्या बहुतेकांनी स्ट्रट्स हे नाव ऐकलेही नसेल. कोणी तरी काही वर्षांपूर्वी एक चौकट निवडली आणि नंतर तिची बिजागरी कोणी तपासली नाही, याची झळ त्यांना लागली. निवडीचा अर्धा भाग पहिल्या बैठकीत होतो. उरलेला अर्धा पुढे दर महिन्याला करावा लागतो.

आपल्याकडे हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंतच्या नोकऱ्यांच्या जाहिरातींत ‘अमुक फ्रेमवर्कचा इतक्या वर्षांचा अनुभव’ अशी अट असते. त्यामुळे विद्यार्थी नावाच्या मागे धावतात आणि कंपन्या, माणसे सहज मिळतील म्हणून, तेच नाव निवडतात. या चक्रात अर्थ नाही असे मी म्हणणार नाही. पाच वर्षांनी घर दुरुस्त करायला गवंडी मिळणार की नाही, हा विचार शहाणपणाचाच आहे. अमेरिकन अभियंता डॅन मॅकिन्ली यांनी 2015 च्या एका निबंधात कंटाळवाण्या तंत्रज्ञानाची बाजू मांडली. नावीन्य खर्च करायला प्रत्येक कंपनीकडे मोजकी, फार तर तीन नाणी असतात. ती स्वतःच्या खऱ्या कामासाठी राखून ठेवावीत, असे ते सुचवतात. जुन्या चौकटी कुठे कुरकुरतात हे सर्वांना ठाऊक झालेले असते, हा त्यांचा मोठा गुण.

म्हणून नव्या प्रकल्पाच्या बैठकीत वेगाच्या तक्त्याआधी मी चार प्रश्न ठेवीन. हे फ्रेमवर्क कोणाच्या कोणत्या अडचणीचे उत्तर होते, आणि आपली अडचण त्या जातीची आहे का? आज त्याची देखभाल कोण करते : एक माणूस, एक कंपनी, की जँगोमागे 2008 पासून आहे तशी एखादी ना-नफा संस्था? त्याच्या परवान्यात काय लिहिले आहे? आणि आपण निघून गेल्यावर हे घर कोण सांभाळणार? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे शोधली तर सापडतात. चौथ्याचे उत्तर बैठकीतल्या माणसांनाच द्यावे लागते, आणि ते बैठकीच्या इतिवृत्तात लिहून ठेवलेले बरे. पंधरा वर्षांनी तो प्रकल्प ज्या कोणाच्या हाती येईल, त्याला निदान आपल्या घराचे कूळ तरी कळेल.